उजनीची चिलापी घरच्या कढईत कुरकुरीत कशी तळावी

पावसाळी हवा पडली, अंगात कणकण असली किंवा दिवसभराच्या दगदगीनंतर काही तरी गरम आणि झणझणीत खावंसं वाटलं, की सोलापूरकडच्या मासे खाणाऱ्या घरांत तळलेली चिलापी, तव्यावरची ज्वारीची भाकरी आणि चिरलेला कांदा एवढ्यावर जेवण होतं. पुणे-सोलापूर हायवेला भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत जागोजागी ती ताटात येते आणि बहुतेक ठिकाणी चांगलीच असते. घरी मात्र तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. मसाल्याचं आवरण कढईतच सुटतं, बाहेरून करपून आत हाडापाशी कच्ची राहते, किंवा सगळं नीट होऊनही घासाला चिखलाचा वास येतो. दोष तेलाला आणि गॅसला दिला जातो, पण तिन्हींचं मूळ बहुधा मासा कढईत पडण्याआधीच्या पाऊण तासात असतं. म्हणून खाली तळण्यापेक्षा तयारीवर जास्त लिहिलं आहे.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता भीमेवरच्या उजनी धरणात, म्हणजे यशवंतसागरात, त्याची भरपूर पैदास होते. तळण्यासाठी तो सोयीचा आहे, कारण त्याच्या मांसात बारीक काटे नसतात. कण्याचं मोठं हाड, पोटाकडच्या फासळ्या आणि परांच्या मुळाशी असलेले काटे सोडले की बाकी सगळं मांस. रोहू-कटल्यात मांसाच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले काटे असतात, ते चिलापीत नाहीत. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर आधी चिलापीच घ्यावी.

बाजारात काय बघायचं

तळायला २५० ते ३५० ग्रॅमचा अख्खा मासा सगळ्यात चांगला. यापेक्षा लहान घेतला तर कुरकुरीत होतो, पण हाडंच जास्त लागतात आणि मांस तेलात सुकतं. शिवाय वाढीला न लागलेली पिल्लं विकत घेऊन धरणातला मासा संपवण्यात हातभार लावू नये. ४०० ग्रॅमच्या वरचा मासा पाठीला इतका जाड असतो की अख्खा तळताना आत शिजेपर्यंत बाहेरचा मसाला काळा पडतो. तसा मिळाला तर तुकडे करून घ्या.

ताजेपणा ओळखायला आधी कल्ला उचलून बघा. आत लालभडक रंग हवा. तपकिरी किंवा फिकट करडा दिसला तर मासा जुना. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा. आत बसलेला, दुधाळ डोळा नको. पोट बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. पोट मऊ पडून लिबलिबीत झालं असेल तर आतली आतडी फुटायला लागली आहेत, आणि तसा मासा कितीही मसाला लावला तरी सुधारत नाही. बर्फातला मासा वाईट असं समजू नका. बर्फ नसलेल्या टोपलीत उन्हात पडलेल्या माशापेक्षा बर्फात नीट पुरलेला मासा केव्हाही बरा.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पिशवीत नुसता मासा टाकून दुचाकीला अडकवला तर अर्ध्या तासात त्याची अवस्था बदलते. विक्रेत्याकडून बर्फाचे चार खडे मागून घ्या, घरी पोचलात की लगेच साफ करा. साफ करायला वेळ नसेल तर निदान पोट आणि कल्ले काढून मासा फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात, जाळीवर किंवा उपड्या वाटीवर ठेवा, म्हणजे सुटलेल्या पाण्यात तो भिजत राहणार नाही.

साफ करणं

विक्रेता खवले काढून देतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. शेपटीकडून डोक्याकडे सुरीची पाठ फिरवा, पोटाखाली आणि डोक्याच्या मागे खवले हमखास राहिलेले असतात. राहिलेला एक खवला तळल्यावर दाताखाली नखासारखा लागतो.

पाठीवरचा पर आधी कात्रीने काढा. त्यातले पुढचे काटे टोकदार असतात आणि बोटात घुसले तर दोन दिवस ठणकतं. मासा फडक्यात धरून कात्री शेपटीकडून डोक्याकडे चालवा; काटे मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे उलट्या दिशेने कात्री त्यांच्या मुळाशी सहज शिरते. मग पोटाखालचे आणि बाजूचे पर काढा. शेपटी ठेवा, तळताना धरायला लागते.

पोट चिरताना सुरीचं टोक जेमतेम आत जाईल एवढंच घाला. यकृताला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी फुटली की आसपासचं मांस कडू होतं. फुटलीच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि हिरवट डाग पडलेला भाग कापून टाका, कारण तळल्याने कडवटपणा जात नाही. कल्ले मुळापासून उपटून काढा. काही घरांत डोकं ठेवतात आणि कल्लेही तसेच राहू देतात, तसं करू नये. कल्ल्यांत गाळ अडकलेला असतो आणि पाणीही साठून राहतं, जे पुढे तेलात तडतडतं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणाऱ्या दोन गोष्टी. पोटाच्या आतल्या बाजूला एक काळा, पातळ पापुद्रा असतो. तो अंगठ्याने किंवा जाड फडक्याने घासून पूर्ण काढा. आणि कण्याच्या खाली, लांबट पडद्याआड, काळपट लाल रक्ताची पट्टी असते. पडदा सुरीने चिरून ती चमच्याच्या कडेने खरवडा. माशाचा उग्र वास मोठ्या प्रमाणात या दोन जागांमधून येतो. चांगला साफ केलेला मासा पोटातून पांढरा-गुलाबी दिसतो.

शेवटी मासा मूठभर ज्वारीच्या पिठाने आणि चमचाभर जाड्या मिठाने बाहेरून चोळा. बुळबुळीत थर पिठाला चिकटून निघतो. दोन पाण्यांनी धुवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा वाहत्या पाण्याखाली धरण्याऐवजी दोन पातेली घ्या: पहिल्यात घाण निघते, दुसऱ्यात मासा स्वच्छ होतो. एक किलोला पाच-सहा लिटर पाणी पुरतं. मासा पाण्यात भिजत मात्र ठेवू नका. कापलेल्या बाजूने मांस पाणी धरतं, आणि ते सगळं पाणी नंतर कढईत बाहेर पडतं.

चिखलाचा वास कुठून येतो आणि कसा घालवायचा

हा वास माशाच्या अस्वच्छतेचा नाही, म्हणून कितीही धुतला तरी जात नाही. साचलेल्या पाण्यात वाढणारं निळं-हिरवं शेवाळ आणि गाळातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते कल्ल्यांतून माशाच्या रक्तात जातं आणि चरबीत, कातडीत साठतं. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातही हेच द्रव्य असतं. मातीचा तो वास हवाहवासा वाटतो, ताटात मात्र नको होतो. पुणे-पिंपरी चिंचवडकडचं सांडपाणी भीमेच्या उपनद्यांमधून उजनीत येतं, त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ पोसतं. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन हिरवं पडतं, तेव्हा वासाची तक्रार वाढते.

जिओस्मिन आंबटात टिकत नाही, त्यामुळे उपाय घरातच आहे. लिंबू, चिंच किंवा आंबट ताक, तिघांपैकी काहीही चालतं. उन्हाळ्यातला मासा असेल तर साफ केल्यावर आंबट ताकात २० मिनिटं ठेवा, मग निथळून पुसा. इतर वेळी पुढच्या पायरीतलं लिंबू पुरतं. पोटाकडची पिवळसर चरबी दिसली तर तीही काढून टाका, वास तिथेच जास्त असतो.

चिरा आणि पहिलं मीठ

माशाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या तीन-तीन चिरा द्या, दोन चिरांमध्ये साधारण दोन सेंटिमीटर अंतर. सुरी कण्याला टेकेपर्यंत जाऊ द्या, कणा कापू नका. चिरांमुळे मीठ-मसाला आत जातो, पाठीचा जाड भाग पोटाच्या पातळ भागाबरोबरच शिजतो आणि कातडी आकसताना मासा वाकडा होत नाही. चिरा वरवरच्या दिल्या तर तिन्हींतलं काहीच साधत नाही.

एक किलो माशाला, म्हणजे तीन-चार नगांना, दीड छोटा चमचा बारीक मीठ, अर्धा चमचा हळद आणि एका मध्यम लिंबाचा रस. बाहेरून, पोटातून आणि प्रत्येक चिरेत बोटाने चोळा. १५ मिनिटं थांबा, जास्त नको. लिंबात तासभर ठेवलेल्या माशाचं मांस वरून पांढरं पडतं, तळल्यावर भुसभुशीत होतं आणि तुटतं. बराच वेळ मुरवत ठेवायचा असेल तर लिंबाऐवजी घट्ट चिंचेचा कोळ दोन चमचे वापरा, तो इतका आक्रमक नसतो.

१५ मिनिटांनी परातीत पाणी सुटलेलं दिसेल. ते पाणी टाकून द्या. त्यात मसाला कालवू नका. मीठाने माशातून ओढून काढलेलं हे पाणी आवरण सुटण्याचं पहिलं कारण आहे. आता स्वच्छ सुती कापडाने मासा दाबून पुसा, पोटाच्या आतून, कल्ल्यांच्या पोकळीतून, चिरांमधूनही. कापड ओलं झालं तर दुसरं घ्या. हात फिरवल्यावर कातडी किंचित चिकट लागली पाहिजे, ओली नाही. वेळ असेल तर मासे जाळीवर पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत दहा मिनिटांत कातडी अशी सुकते की तळल्यावर फरक लगेच कळतो.

मसाला

एक किलोसाठी:

देशी लसूण १५ ते २० पाकळ्या
आलं दीड इंच
हिरव्या मिरच्या ३
कोथिंबीर काड्यांसकट मूठभर
लाल तिखट २ छोटे चमचे
धणेपूड १ छोटा चमचा
काळा मसाला अर्धा छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा
तेल १ मोठा चमचा

लसूण, आलं, मिरची, कोथिंबीर पाणी न घालता वाटा. पाट्यावर किंवा खलबत्त्यात वाटलेलं उत्तम, मिक्सरला फिरेना तर पाण्याऐवजी वरचं तेल घाला. वाटण थोडं भरड राहू दे, पण लसणाचे मोठे तुकडे नकोत, ते माशाच्या आधी करपून कडू लागतात.

तिखटात रंगासाठी ब्याडगी आणि झोंबरेपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी निम्मं-निम्मं घ्या. नुसतं झणझणीत तिखट दोन चमचे घातलं तर माशाची चवच हरवते.

काळ्या मसाल्याबद्दल सावध राहा. आपल्या भागात कशातही दोन चमचे काळा मसाला टाकायची सवय हाताला लागलेली असते. पण त्यातलं भाजलेलं खोबरं, कांदा आणि तीळ आधीच काळपट भाजलेले असतात. उकळत्या तेलात ते मिनिटभरात जळतात, तेल काळं होतं आणि दुसऱ्या घाण्याला जळका वास लागतो. म्हणून अर्धा चमचाच, तोही फक्त लेपात, वरच्या पिठाच्या आवरणात अजिबात नाही. काळ्या मसाल्याची खरी जागा रश्श्यात आहे, तो पुढे येतोच.

वाटणात बाकीचं सगळं कालवून घट्ट लेप करा. लेप चमच्याला चिकटून राहिला पाहिजे; ओघळला तर पातळ झाला, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घाला. आधी चिरांत भरा, मग पोटात, उरलेला बाहेरून पातळ. थर कातडी झाकेल इतकाच, त्यावर कातडीचा रंग अंधुक दिसला तरी चालेल. जाड थर आतून कच्चा राहतो आणि लसणाचा उग्रपणा तोंडात येतो. २० ते ३० मिनिटं झाकून ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. फ्रिजमधला मासा तळण्याच्या १५ मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर गार मासा तेलाची उष्णता खेचून घेतो.

आवरण

कोकणात रवा लावतात. त्याचा कुरकुरीतपणा चांगला असतो, पण कढईत रवा सुटून तळाशी जळतो. तव्यावर तळणार असाल तर रवा घ्या. कढईसाठी आपल्याकडचं ज्वारीचं पीठ बरं: चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ, तीन चमचे तांदळाचं, एक चमचा बेसन, एक छोटा चमचा तिखट, चिमूटभर मीठ. ज्वारीत आणि तांदळात चिवटपणा आणणारा चिकट अंश नसतो, म्हणून आवरण खुसखुशीत राहतं. बेसन लेपाला धरून ठेवतं, पण ते चमचाभरच. जास्त झालं की भज्यासारखं फुगतं आणि दहा मिनिटांत मऊ पडतं. पीठ ताजं दळलेलं हवं. चांगल्या मालदांडी ज्वारीचं पीठ असलं तरी उन्हाळ्यात डब्यात महिना काढलेलं असेल तर कडवट होतं, आणि तो कडवटपणा तळल्यावर जास्त जाणवतो.

पीठ ताटात पसरा, मासा दोन्ही बाजूंनी घोळवा, तळव्याने हलके दाबा, शेपटीला धरून झटका. मग पाच ते सात मिनिटं तसाच ठेवा. या वेळात लेपाचा ओलावा पिठात शिरतो आणि पीठ चिकटतं. कोरडं पांढरं पीठ दिसेनासं झालं की मासा कढईला तयार. घोळवला की लगेच टाकला तर निम्मं पीठ तेलात उतरतं. सगळे मासे एकदम घोळवून तासभर ठेवले तर उलट होतं, पीठ भिजून लगदा बनतो. एका घाण्याचे मासे तेलात असताना पुढचे घोळवा.

तेल आणि कढई

शेंगदाणा तेल घ्या, रिफाइन्ड. घाण्याचं तेल चवीला कितीही चांगलं असलं तरी १६० अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतं आणि फेसाळतं. करडईचं घाण्याचं तेल तर त्याहून लवकर धुरावतं. ते कच्चं, शेंगा चटणीवर घ्यावं.

लोखंडी किंवा जाड बुडाची कढई, त्यात ७५० मिली तेल, किमान पाच सेंटिमीटर खोली. तापमान १७५ ते १८० अंश. घरात थर्मामीटर नसतो, तेव्हा लेप लागलेल्या पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाका. ती निम्म्यापर्यंत बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुडे सोडत वर आली की तेल बरोबर आहे. तळाशी बसून राहिली तर गार आहे. टाकताच वर उसळून दहा सेकंदांत तांबूस झाली तर जास्त तापलं, गॅस बंद करून मिनिटभर थांबा.

एका वेळी एकच मासा, फार तर दोन लहान. गार मासा टाकल्याबरोबर तेल २५-३० अंशांनी उतरतं. तीन मासे एकदम टाकले तर ते १३० च्या खाली जातं; मग मासा तळला जात नाही, तेलात उकडतो आणि तेल पितो. घरात भूक लागलेली माणसं ताटावर बसली की हीच चूक होते. त्यांना आधी भाकरी आणि रस्सा वाढा.

तळणं

मासा शेपटीला धरा आणि डोक्याकडून, आपल्यापासून पलीकडच्या बाजूला निजवत तेलात सोडा. असं केलं तर उडालेलं तेल हातावर येत नाही. सोडताना गॅस मोठा, मिनिटभराने मध्यम. पहिली दोन मिनिटं झारा लावू नका. आवरण अजून मऊ असतं, हलवलं की उचकटतं. वरची बाजू तेलाबाहेर राहत असेल तर डावाने कडेकडेने तेल सोडत राहा.

३०० ग्रॅमच्या माशाला पहिली बाजू चार मिनिटं, उलटवून दुसरी तीन मिनिटं. उलटवताना एक झारा खाली आणि एक कालथा वर, दोन्हींच्या मध्ये मासा धरून पलटा. नुसत्या शेपटीला धरून उलटवला तर ती मोडून हातात येते. डोकं ठेवलं असेल तर डोळा फुटून तेल उडू शकतं, म्हणून तळण्याआधी सुरीच्या टोकाने डोळ्याला भोक पाडा.

शिजला हे कानांनीही कळतं. सुरुवातीला तेलाचा खळखळाट मोठा असतो, कारण माशातलं पाणी वाफ होऊन निघत असतं. आवाज उतरून बारीक चर्र राहिला आणि बुडबुडे लहान झाले की तयारी झाली. खात्रीसाठी पाठीकडच्या मधल्या चिरेत सुरीचं टोक घालून बघा. हाडापाशी मांस पांढरं, अपारदर्शक आणि हाडापासून सुटणारं हवं. काचेसारखं किंवा गुलाबी दिसलं तर मध्यम आचेवर आणखी दीड मिनिट.

पाहुणे येणार असतील तर दोनदा तळा. आधी १६० अंशांवर पाच मिनिटं, रंग फिकट असतानाच काढा. दहा मिनिटं ते अर्धा तास जाळीवर राहू द्या. वाढण्याच्या वेळी तेल चांगलं तापवून, १८५-१९० अंशांवर, दीड मिनिट. पहिल्या तळणीत मांस शिजतं, मधल्या वेळात आतला ओलावा पृष्ठभागाकडे येतो, दुसरीत तो उडतो आणि आवरण कडक होतं.

काढलेला मासा तारेच्या जाळीवर, शक्यतो उभा टेकवून ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवू नका. शाई तेलात उतरते, आणि खालच्या बाजूची वाफ कोंडून आवरण दोन मिनिटांत भिजतं. त्याच कारणाने तळलेल्या माशावर झाकणही ठेवू नये.

तव्यावर करायचं असेल तर

तेल कमी लागतं आणि चव वेगळीच येते, पण मासा २५० ग्रॅमपर्यंतचाच असावा, किंवा तुकडे. भाकरीचा लोखंडी तवा आधी कोरडाच चांगला तापवा, मग चार मोठे चमचे तेल, तेल चमकायला लागलं की मासा. गार तव्यावर तेल आणि मासा एकदम टाकला की कातडी लोखंडाला धरते. मध्यम आचेवर पहिली बाजू सहा-सात मिनिटं, दुसरी पाच. चिकटल्यासारखा वाटला तर ओढू नका, आणखी मिनिटभर थांबा. कातडी कुरकुरीत झाली की तवा आपोआप सोडते. इथे घाण्याचं शेंगदाणा तेल चालतं, आच मध्यम असल्यामुळे ते जळत नाही.

रोहू, कटला, मरळ, वाम

रोहू-कटल्याचे तुकडे दोन सेंटिमीटर जाडीचे घ्या. बारीक काट्यांसाठी युक्ती अशी: पाठीकडच्या हाड नसलेल्या जाड पट्ट्यावर कातडी न कापता तीन-चार मिलिमीटरवर आडव्या चिरा देत जा. काटे बारीक तुटतात आणि दुसऱ्या तळणीत कुरकुरीत होऊन जाणवत नाहीत. मरळ महाग, पण मांस घट्ट आणि काटे कमी. तो फार बुळबुळीत असतो, तेव्हा राख किंवा जाडं मीठ लावूनच हातात धरा. वामीचे बोटभर तुकडे करा. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, ती आधी कात्रीने काढा. 

डोक्यांचा रस्सा

मोठ्या माशांची डोकी कापलेली असतील तर टाकू नका. एक कांदा आणि तीन चमचे सुकं खोबरं तेलाशिवाय खरपूस भाजून आठ लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटा. दोन चमचे तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता, गॅस बारीक करून दीड-दोन छोटे चमचे काळा मसाला आणि हळद घाला, लगेच ७०० मिली गरम पाणी, मीठ आणि चमचाभर चिंचेचा कोळ. उकळी आली की डोकी सोडा. १२ मिनिटं मध्यम आचेवर, डाव न फिरवता, पातेलं धरून हलवायचं. हा रस्सा पातळच हवा. त्यात कडक भाकरी चुरून घेतली आणि बाजूला तळलेली चिलापी असली, की सर्दीने बसलेलं नाकही मोकळं होतं.

ताटात बाकी कांदा, लिंबू, दह्यात कालवलेली शेंगा चटणी. लिंबू ज्याने त्याने खाताना पिळावं. आधीच सगळ्यांवर पिळून ठेवलं तर आवरण मऊ पडतं.

मुलांना सोलून देताना

माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक सरळ रेघ आहे असं समजा. तिच्यावर चमच्याच्या कडेने दाबा. वरचा, पाठीकडचा भाग वरच्या बाजूला सरकवून अलगद सुटा करा, त्यात काटा नसतो, फक्त पराच्या मुळाशी असलेली बारीक काट्यांची ओळ वेगळी करा. पोटाकडच्या भागात फासळ्या असतात, तो मोठ्यांसाठी ठेवा. एक बाजू झाली की शेपटीकडून कणा उचला. मासा नीट शिजला असेल तर डोक्यापर्यंत अख्खा निघून येतो आणि खालची बाजू सुटी होते. डोक्यापाशी गालात सुपारीएवढं मांस असतं, ते सगळ्यात मऊ.

उरलेलं तेल, उरलेला मासा

तेल कोमट झालं की सुती कापडातून गाळा. तळाशी बसलेलं जळकं पीठ राहिलं तर पुढच्या वेळी तेल लवकर काळं पडतं. गाळलेलं तेल काचेच्या बाटलीत, अंधारात, आणि आठवड्याभरात एकदाच, पुन्हा मासे तळायलाच. तापवल्यावर फेस आला, वास आला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर आला तर ते वापरू नका. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

कच्चा मासा मीठ-हळद आणि मसाला लावून, लिंबू न घालता, डब्यात घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो. रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश वितळवा, सुटलेलं पाणी पुसून मग लिंबू आणि पीठ लावा. तळलेला उरला तर दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये चालतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर रबरासारखा होतो. कोरड्या तव्यावर मंद आचेवर, झाकण न घालता, प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं ठेवा.